खणभागातली गिरणी आणि तिथला मका

सांगलीत मक्याचं ताजं पीठ हवं असेल, आणि पिठाबरोबर बारीक रवा आणि कण्याही हव्या असतील, तर खणभागातल्या या गिरणीत जावं. माझं मत आधीच सांगते. सांगली-मिरजेत मी जेवढ्या गिरण्या पाहिल्या, त्यात मक्याला माणसांच्या ताटातलं धान्य समजून दळणारी ही एकच. बाकी ठिकाणी मका म्हटलं की "कोंबड्यांना का?" हा पहिला प्रश्न. मग गव्हाचं दळण संपलं की त्याच दगडातून भरडून डबा हातात देतात. त्या पिठाची भाकरी एकदा थापली की माणूस पुन्हा मक्याच्या वाटेला जात नाही, आणि दोष मक्याला देतो. दोष बहुतेक वेळा दळणाचा असतो.

गिरणीवर "दळण व कांडप करून मिळेल" एवढंच लिहिलेलं आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या घरच्यांना आक्का. अण्णा दगड सांभाळतात; चाळणं, पाखडणं आणि पैशांचा हिशेब आक्कांकडं.

मला मक्याची गरज पडली धाकट्या मुलामुळं. त्याला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार. गहू, मैदा, गव्हाचा रवा, बार्ली सगळं कायमचं बंद. आपल्या भागात ज्वारीची भाकरी रोजचीच, त्यामुळं दोन वेळच्या जेवणाचं अडलं नाही. अडायचं ते चार वाजताच्या खाण्याला, शाळेच्या डब्याला, वाढदिवसाच्या केकला. सगळी मुलं काहीतरी खुसखुशीत खातायत आणि आपलं पोर तांदळाचा पापड कुरतडत बसलंय, हे आईला बघवत नाही. तिथं मका कामाला आला. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडं मका म्हणजे वैरण आणि मुरघास, माणसांनी खायचं ते पावसाळ्यात भाजलेलं कणीस तेवढं. त्यामुळं मलाही सगळं नव्यानं शिकावं लागलं, आणि त्यातला बराच भाग मी याच गिरणीच्या कट्ट्यावर बसून शिकले.

पहिली गोष्ट धान्याची. बाजारात येणारा बहुतेक मका कोंबडीखाद्याला जातो, स्टार्चच्या कारखान्यांना जातो आणि अलीकडं इथेनॉललाही बराच जातो. त्यामुळं खाण्यासाठी म्हणून तो कुणी निवडत नाही. अण्णा खरिपाचा मका निघाला की एकदा आणि उन्हाळी मका आला की एकदा, स्वतः जाऊन पोती उघडून बघून घेतात. एक दाणा दातांखाली धरतात. कट्‌ असा आवाज येऊन दोन तुकडे झाले तर मका वाळलेला. नुसता दबला तर ते पोतं बाजूला. ओल राहिलेल्या मक्याला बुरशी धरते, आणि मक्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून किंवा शिजवून जात नाही. म्हणून टोकाशी काळा पडलेला किंवा हिरवट पूड धरलेला दाणा आक्का निवडून फेकतात, कोंबड्यांनाही घालत नाहीत. बियाण्यासाठी औषध चोळलेला गुलाबी मका कुणी स्वस्तात दिला म्हणून दळायला आणला, तर अण्णा सरळ परत पाठवतात. माझ्यासमोर एकाला पाठवलं. तो माणूस चिडला, पण अण्णांनी आवाज न चढवता सांगितलं, "हे पेरायचं आहे दादा, खायचं नाही."

दाणा कसला घ्यायचा हेही इथं कळलं. ज्या दाण्याच्या डोक्याला खळगा असतो, घोड्याच्या दातासारखा दिसतो, तो आतून मऊ आणि पिठाळ. त्याचं पीठ चांगलं पडतं. जो गोल, चकचकीत आणि दगडासारखा कडक, त्याचा रवा आणि कण्या चांगल्या होतात, कारण तो फुटतो पण भुगा होत नाही. अण्णा दोन्ही ठेवतात आणि काय करणार आहात ते विचारून देतात. स्वीट कॉर्न वाळवून दळून द्या म्हणून कुणीतरी आलं होतं. ते जमत नाही. त्या दाण्यातली साखर पिठूळ होतच नाही, वाळला की सुरकुतून जातो.

आता दळण. गिरणीत दोन चक्क्या आहेत. गव्हाची पुढच्या खोलीत, रस्त्याकडं तोंड करून. ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि मक्याची मागं, मधलं अंगण ओलांडून वेगळ्या खोलीत. 2019 च्या महापुरात खणभागात पाणी शिरलं तेव्हा ही गिरणीही पाण्यात होती. नंतर मशिनं उंच ओट्यावर घेतली आणि त्याच वेळी मागची खोली वेगळी बांधली. त्यांनी ती केली ती ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळू नये म्हणून, गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या म्हणून. माझ्या मुलाला मात्र त्या भिंतीचा फार मोठा आधार झाला. सकाळी मागची चक्की सुरू करताना अण्णा आधी ब्रशनं तोंड आणि पिठाची पिशवी झटकतात, मूठभर ज्वारी सोडतात, ती पिठी बाजूला काढतात आणि मग मका घालतात.

माझ्यासारखी अडचण असलेल्यांसाठी हे स्पष्ट लिहिते. ही गिरणी प्रमाणित ग्लुटेनमुक्त नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमानं ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, आणि ते प्रयोगशाळेत तपासावं लागतं. अण्णा तपासत नाहीत, आणि तसा दावाही करत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, भिंत मी बांधली, वारा काय माझ्या ताब्यात नाही." मी मंगळवारी सकाळचं पहिलं दळण घेते. मुलाच्या रक्ताच्या तपासण्या डॉक्टरांना हव्या तशा येतायत, म्हणून आमचं चाललंय. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि हो, घरातला हिंग बघा. डबीतल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. पीठ निवडून आणायचं आणि फोडणीतून गहू पोटात घालायचा, असं बऱ्याच घरांत नकळत होतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, डबीवरची बारीक अक्षरं वाचून घ्यावा.

इथला मका तीन जाडीत मिळतो: पीठ, बारीक रवा, कण्या. कण्यांसाठी अण्णा मक्याला आदल्या रात्री जरासं पाणी मारून ठेवतात. दाणा भिजत नाही, फक्त साल ओलसर होते. सकाळी दगडातलं अंतर वाढवून भरडलं की ती साल मोठ्या पापुद्र्यांनी सुटते. मग आक्का सूप घेऊन बसतात. एकदा जाऊन बघाच, इतकं सुंदर काम आहे. सुपात ओंजळभर भरडा, मनगटाला एक हलका झटका, आणि सालीचे पिवळे पापुद्रे पुढच्या कडेवरून हवेत तरंगत जातात. दाण्याच्या पोटातला कोंब, तो पांढरट मऊ तुकडा, तोही हलका असल्यामुळं बराचसा निघून जातो. मागं राहतात त्या कडक, सोनेरी कण्या. दोन चाळण्यांतून काढल्या की वरच्या कण्या, मधला रवा, खाली पडलेलं ते पीठ. एक किलो मक्यामागं पाव किलोच्या आसपास कोंडा निघतो, म्हणून कण्या महाग. ते मला रास्त वाटतं.

कोंब काढण्याचा फायदा टिकण्यात दिसतो. मक्यातलं तेल जवळपास सगळं त्या कोंबात असतं. अख्खा दाणा दळला की ते तेल पिठात उतरतं, आणि उष्णतेनं, हवेनं ते खवट होतं. मॉलमधून आणलेल्या एका नामांकित कंपनीच्या पिठाचं पाकीट मी घरी येऊन फोडलं तर आतून जुन्या तेलाचा वास आला. तारीख उलटायला अजून बरेच महिने होते. त्याची भाकरी कडवट लागली, मुलानं एक घास खाऊन ताट सरकवलं. त्या पिठाची विरी गेलेली होती. मळताना हाताला कळतं, कितीही पाणी घाला, गोळा कडेला तडकतोच. अण्णांचं पीठ त्याच दिवशी दळलेलं असतं. दगड हळू चालवतात म्हणून ते फार गरमही होत नाही. तरी घरी आणल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. कोमट पीठ डब्यात कोंडलं की झाकणाखाली पाणी सुटतं. उन्हाळ्यात पीठ फ्रीजमध्येच ठेवायचं आणि पंधरवड्यात संपवायचं. रवा त्याहून टिकतो, कण्या सगळ्यात जास्त.

पिठाची भाकरी आता आमच्याकडं आठवड्यातून हमखास होते. दोन वाट्या पिठाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ. पाणी खळखळ उकळलं पाहिजे, नुसतं गरम चालत नाही. गॅस बंद करून पीठ घालायचं, उलथण्याच्या दांड्यानं हलवायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तिंबायचं, तळहाताच्या टाचेनं, चांगलं दमानं. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळं पीठ धरून ठेवतो तो त्याचा स्टार्च, आणि तो उकळत्या पाण्यानं फुलला तरच धरतो. पंजाबात मक्की दी रोटी करणाऱ्या बायकाही गरम पाण्यातच मळतात. नवख्यांनी चार भाग मक्याला एक भाग ज्वारीचं पीठ घालावं, थापायला सोपं जातं. तवा मध्यम आचेवर, भाकरीच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची. ज्वारीपेक्षा मक्याची भाकरी जरा सावकाश भाजते, घाई केली की मधे कच्ची राहते. पापुद्रा ज्वारीइतका सुटत नाही, ती अपेक्षा धरू नका. पण वास असा येतो की शेजारच्या वहिनी विचारायला येतात. बरोबर ताकातला चाकवत किंवा हिरव्या मिरचीचा खर्डा आणि वर लोण्याचा गोळा.

कण्यांवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. ज्वारीच्या ताकातल्या कण्या आपल्याकडं जुन्या. मक्याच्याही तशाच करायच्या, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. एक वाटी कण्या धुऊन अर्धा तास भिजवायच्या. वर तरंगलेली साल काढून टाकायची. पाच वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात हळूहळू सोडायच्या आणि मंद आचेवर चाळीस मिनिटं, अधूनमधून हलवत. पहिली दहा मिनिटं सोडून कुठं जाऊ नका, तेव्हाच खाली बसून गोळे होतात. शिजलेली कणी बोटांत दाबली की मऊ दबते पण मधे बारीकसा दाणा लागतो, तिथं थांबायचं. गार झाल्यावर घुसळलेलं ताक, मीठ, वरून तूप-जिरं-लसणीची फोडणी आणि कोथिंबीर. आमच्या सासूबाई आयुष्यभर मक्याला नावं ठेवत आल्या. एप्रिलच्या दुपारी आता त्या आपण होऊन विचारतात, "कण्या आहेत का गं?"

याच कण्या पाणी जरा कमी, एकास चार, घालून घट्ट शिजवल्या की इटलीतला पोलेंटा होतो. उत्तर इटलीत तो मोठ्या भांड्यात लाकडी दांड्यानं घोटत करतात, लाकडी पाटावर ओततात आणि गार झाल्यावर दोऱ्यानं कापतात. मका अमेरिका खंडातून तिकडं जायच्या आधी तेच लोक तो बाजरीवर्गातल्या धान्यांचा आणि चेस्टनटच्या पिठाचा करत. मी तेल लावलेल्या थाळीत पाटवडीसारखा थापते, वर खोबरं-कोथिंबीर. दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. शाळेच्या डब्याला हा पदार्थ ठरलेला. तुकडे उलटायची घाई नको. खालून कवच धरलं की ते आपोआप तवा सोडतात.

रव्याचा उपमा होतो, आप्पे होतात. पाणी गव्हाच्या रव्यापेक्षा जास्त लागतं आणि आधी भाजणं चुकवू नये. वांग्याचे काप रव्यात घोळवून तळा, गव्हाच्या रव्यापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतात. पण रवा खरा लागला तो केकसाठी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्याच्या रव्याचा एक पाव करतात, कॉर्नब्रेड. तिकडच्या जुन्या पद्धतीत मैदा आणि साखर जवळजवळ नसतेच; ताक, अंडी, सोडा आणि बिडाचं भांडं. हे सगळं माझ्या घरात होतंच. दोन वाट्या बारीक रवा दीड वाटी आंबट ताकात वीस मिनिटं भिजवायचा. ही पायरी गाळली की दाताखाली कचकच लागते. मग दोन अंडी, मीठ, दोन चमचे पातळ तूप, आणि अगदी शेवटी अर्धा चमचा खायचा सोडा. ताकातला आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे येतात, त्यामुळं त्यानंतर रेंगाळायचं नाही. दरम्यान बिडाची कढई ओव्हनमध्ये चमचाभर तूप घालून कडकडीत तापलेली हवी. मिश्रण ओतताना चर्र आवाज आला पाहिजे, त्यानंच खालचं कवच तयार होतं. 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड तवा खाली ठेवून झाकण लावून गॅसवर होतो, वरचा रंग तेवढा येत नाही. आम्ही तो गरम असताना लसणीच्या चटणीबरोबर खातो. वाढदिवसाला त्यातच गूळ आणि वेलदोडा घालते. मुलाच्या मित्रांनी तो केक संपवला आणि उरलाय का विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून या गिरणीबद्दल लिहायचं मनात होतं.

हाच केक अण्णांच्या पिठाचाही करून पाहिला. बसका, चिकट होतो. रवाच हवा.

एक गोष्ट मात्र मी गिरणीतून फक्त अख्खा मका आणून करते. मेक्सिकोत, जिथं हजारो वर्षांपूर्वी माणसानं रानगवतातून मका घडवला, तिथं मका तसाच दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजवतात, धुतात आणि मग ओला वाटतात. यानं साल सुटते, कॅल्शियम मिळतं, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपनं मका नेला पण चुना मागं ठेवला. उत्तर इटलीतले गरीब शेतकरी वर्षभर पोलेंट्यावरच राहिले आणि त्यांच्यात पेलाग्रा पसरला: कातडी सोलणं, जुलाब, पुढं वेड लागणं. अमेरिकेच्या दक्षिण भागातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच झालं. तो रोग संसर्गाचा नसून अपुऱ्या खाण्याचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. आपल्या ताटात डाळ, ताक, शेंगदाणे असतात, त्यामुळं आठवड्यातून दोनदा मका खाणाऱ्यानं भ्यायचं कारण नाही. पण ज्यांच्या घरात मका रोजचा होणार आहे त्यांनी हे माहीत करून घ्यावं.

करायला अवघड नाही. एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि साधारण दहा ग्रॅम खायचा चुना, पानाला लावतो तोच. ओला असेल तर थोडा जास्त. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. पाणी उकळलं की मका घालून अर्धा-पाऊण तास मंद आच, मग झाकून रात्रभर. पाण्यात टाकल्याबरोबर दाणा हळदीसारखा गडद पिवळा होतो. सकाळी हातात चोळला की साल बुळबुळीत होऊन निघते. तीन पाण्यांनी धुवायचा आणि इडलीच्या ग्राइंडरवर कमीत कमी पाणी घालून वाटायचा. हा गोळा गंमतीचा असतो, उकड न काढताही वळतो, प्लास्टिकच्या कागदात दाबून पातळ पोळी होते आणि ती तव्यावर चक्क फुगते. वासही वेगळा, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. अण्णांना एकदा चार पोळ्या डब्यातून नेऊन दिल्या. त्यांनी एक तुकडा नुसताच खाल्ला, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग चुन्याचं प्रमाण विचारून आक्कांना लिहून घ्यायला सांगितलं.

पांढरं कॉर्नफ्लोअर इथं मिळत नाही, मागूही नका. तो मक्याचा नुसता स्टार्च. कारखान्यात मका भिजवून कोंब, कोंडा, प्रथिनं वेगळी काढल्यावर उरतो. गिरणीच्या दगडातून तो निघणं शक्य नाही. सूप घट्ट करायला, मंचुरियनला तो किराणा दुकानातून आणा. लाह्यांचा मका आक्का कधीतरी ठेवतात. तो जातच वेगळी, बारीक दाणा आणि फार कडक कवच. आत कोंडलेल्या ओलीची वाफ होऊन तो फुटतो. साध्या मक्याच्या लाह्या होत नाहीत, चार-दोन फुटतात आणि बाकी करपतात.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. पिशव्यांवर तारीख नसते. दळण आजचं आहे हे तोंडी सांगतात, आणि ते खरंही असतं, पण दुसऱ्याकडून मागवणाऱ्यानं काय समजायचं? मी आक्कांना निदान पेनानं तारीख टाका म्हणून सांगितलंय, अजून सुरू झालेलं नाही. प्रत्येक वेळी रवा एकसारखा येत नाही. चाळणी फाटायला आली की जाड दाणे मिसळतात आणि केकला ते त्रासाचं होतं. घरी एकदा चाळून घेतलेला बरा. जुलै-ऑगस्टात कण्यांत साल जास्त राहते, कारण ओल्या हवेत पाखडणं नीट होत नाही. दगडाला टाकी घातल्यानंतरच्या दिवशी कुणाचंही दळण देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पहिल्या काही किलोंत खर उतरते. अण्णा तेव्हा कोंडा घालून दगड चालवून घेतात, पण एकदा माझ्या पिठात कचकच आलीच. परत नेलं तर एक शब्द न बोलता बदलून दिलं. गाडी लावायला जागा अजिबात नाही. चारचाकी घेऊन आत शिरू नका, अलीकडच्या चौकात लावून चालत या.

पिठाचा भाव सध्या 50 रुपये किलो, रवा 60, कण्या 70. आपला मका नेला तर दळणाचे दहा रुपये. बाजारात मका ज्या भावानं मिळतो ते पाहता हे जास्त वाटेल, पण निवडणं, पाखडणं, दोनदा चाळणं बघितल्यावर मला नाही वाटत. घरपोच नाही. फोनवर सांगून ठेवलं तर आक्का पिशवी बाजूला काढून ठेवतात, मात्र त्याच दिवशी नेली पाहिजे.

मका फक्त मंगळवारी आणि शनिवारी निघतो. डबा घरून न्या, कोरडा आणि गव्हाच्या पिठाचा नसलेला. काय करणार आहात ते अण्णांना आधी सांगा, भाकरी की उपमा की केक, ते त्याप्रमाणं दाणा आणि जाडी ठरवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अर्धा किलो पीठ आणि अर्धा किलो कण्या घ्याव्यात, त्याहून जास्त नको. सकाळी आठच्या आत पोहोचा, दहानंतर कण्या संपलेल्या असतात आणि पीठ तेवढं उरतं.